रंग देऊ नका भाऊ, आहे तशीच घेऊन या

लातूरच्या भाऊंनी विचारलंय की आजोबांची १९७३ ची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट गाडी, अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती, ती आता चालू झालीय, संक्रांतीनंतरच्या आपल्या फियाटवाल्यांच्या हुरडा मेळाव्याला आणायची इच्छा आहे. पण टपाचा रंग उडालाय, डावं मडगार्ड चेपलंय, तर आधी डेंटिंग-पेंटिंग करून पुढच्या वर्षी यावं का, आणि यंदाच यायचं तर ट्रकवर टाकून आणावी का चालवत, आणि असल्या अवतारात आणली तर लोक हसतील का. दोघातिघांनी रंग द्या असा सल्ला दिलेला दिसतोय. मी या मेळाव्याला पहिल्या वर्षापासून येतोय, तेव्हा आम्ही सगळ्या मिळून सहा गाड्या होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक करा, शेडमध्ये जाऊन गाडीचं आरसी बुक काढा आणि त्यात मॉडेलच्या जागी काय लिहिलंय ते वाचा. कारण १९७३ ची असेल तर ती पद्मिनी नाहीच. आपल्याकडं १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून येत होती, १९७२ ला तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि पद्मिनी हे नाव १९७४ ला आलं. म्हणजे तुमची प्रेसिडेंट असणार, आणि प्रेसिडेंट हे नाव दोनच वर्षं चाललं म्हणून ती आता फार कमी बघायला मिळते. पुष्कळ लोकांनी नंतर नवी गाडी वाटावी म्हणून पद्मिनीचे बॅज लावून घेतले, तसं आजोबांनी किंवा एखाद्या मिस्त्रीनं केलं असेल तर जुने बॅज डिकीत, शेडच्या खिळ्याला, पत्र्याच्या डब्यात कुठंतरी पडलेले असू शकतात, ते शोधा. मेळाव्यात हे बॅज बघायला दहा माणसं तुमच्या गाडीभोवती उभी राहतील, चकाचक रंगाकडं एवढं कुणी बघत नाही.

आता रंगाचं. माझी गाडी १९७९ ची, वडिलांची. वडील जनावरांचे डॉक्टर होते, अंबड तालुक्यात सगळीकडं याच गाडीनं फिरायचे. त्यांची एक सवय होती, ऑइल बदललं की डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं बारीक ब्रशनं तारीख आणि किलोमीटर लिहायचे. एकाखाली एक, ओळीनं. जागा संपली तेव्हा दुसरी रांग सुरू केली. २०११ ला पहिल्या मेळाव्याच्या आधी मी हौसेनं पूर्ण गाडी रंगवायला दिली, काम करणाऱ्यानं मनापासून काम केलं, झाकणसुद्धा आतून घासून पुसून एकदम नव्यासारखं करून दिलं. मी त्याला सांगितलंच नव्हतं की तेवढं सोड म्हणून, चूक माझीच. गाडी घेऊन घरी आलो, आईनं डिकी उघडली, बराच वेळ तशीच धरून उभी राहिली आणि मग एवढंच म्हणाली, ह्यांचं लिहिलेलं गेलं का रे. तेव्हापासून मेळाव्यात मला कुणी रंगाबद्दल विचारलं की मी हेच सांगतो, आणि सांगताना अजून वाईट वाटतं.

म्हणून म्हणतो, चेपलेलं मडगार्ड तसंच राहू द्या. ते कुठं चेपलं, कुणाच्या हातून चेपलं हे घरात कुणाला तरी माहीत असेल, ते विचारून घ्या. ड्रायव्हरच्या दाराची वरची कड बघा, खिडकीत कोपर ठेवून ठेवून तिथला रंग आपोआप उतरून खालचा पत्रा गुळगुळीत झालेला असतो, ती आजोबांच्या हाताची जागा आहे. गंज मात्र थांबवायचा. फ्लोअरचा पत्रा, सिलची म्हणजे दाराखालच्या पट्टीची बाजू आणि बॅटरीखालचा भाग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघा, टोक आत गेलं तर वेल्डिंग करून घ्या, तिथं हयगय नको कारण तो सेफ्टीचा विषय आहे. बाकी बाहेरून साध्या पाण्यानं धुवा, मऊ फडक्यानं पॉलिश मारा, बास.

लोक हसतील का, तर नाही हसणार. उलट परभणीचे एक रिटायर सर आहेत, ते दरवर्षी सगळ्यात मळक्या गाडीपाशी आधी जातात. मेळाव्यात नेमकं काय होतं ते सांगतो म्हणजे तुमच्या डोळ्यासमोर येईल. संभाजीनगरला पैठण रोडला एका सदस्याचं शेत आहे, सकाळी नऊ-दहापर्यंत गाड्या येत राहतात, बांधाकडेनं ओळीनं लावतात, मग आगटी पेटते, हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं. पण अर्ध्या लोकांचं खाण्याकडं लक्षच नसतं, बॉनेट उघडून तिथंच उभे. कुणाचा कार्बोरेटर उघडलेला असतो, कुणी त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, फुंकून बघतंय, कुणी ठिणगीसाठीच्या पॉइंटचा गॅप लावतंय. आमचे एक मिस्त्री चाचा आहेत, सत्तरीच्या पुढं गेलेत, ते कानानं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, लावतात, गाडी चालू ठेवून प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर अगदी थोडासा फिरवतात आणि म्हणतात, हौ, अब सुनो. आणि खरंच आवाज बदललेला असतो. हे शिकायला मिळावं म्हणून मेळावा आहे असं मी तरी मानतो. अशी माणसं आता प्रत्येक जिल्ह्यात एखाददुसरी उरलीत, त्यांच्या हाताखाली दोन तास उभं राहिलं तर व्हिडिओ बघून कळत नाही ते कळतं. तुमच्या गाडीत जो काही बिघाड असेल तो तिथं घेऊन या, घरी लपवून ठेवू नका.

सुरुवातीला दोन वर्षं आम्ही सर्वोत्कृष्ट गाडी म्हणून बक्षीस ठेवलं होतं, त्याचा परिणाम वाईट झाला, लोक मॅगव्हील लावून, सीटला नवं रेक्झिन मारून, म्युझिक सिस्टिम बसवून आणायला लागले आणि हरले की नाराज व्हायचे. आता बक्षीस दोनच, एक सगळ्यात लांबून चालवत आलेल्या गाडीला आणि दुसरं ज्याच्याकडं गाडीची जास्तीत जास्त मूळ कागदपत्रं आहेत त्याला. नांदेडच्या एका ताईंनी त्यांच्या सासऱ्यांची बुकिंगची पावती आणली होती, पैसे भरल्यापासून गाडी दारात यायला किती वर्षं गेली ते त्या कागदांवरच्या तारखांवरून समजत होतं. तेव्हा गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं हे आपण नुसतं ऐकलेलं असतं, तो पिवळा पडलेला कागद हातात धरल्यावर ते खरं वाटतं. तुमच्याकडं जुनी बिलं, पेट्रोलच्या चिठ्ठ्या, आजोबांचा गाडीपाशी उभा राहिलेला फोटो असं काही असेल तर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणा.

आता चालवत आणायची का. माझं मत चालवतच आणा, पण अकरा वर्षं उभी राहिलेली गाडी चालू झाली म्हणजे रस्त्यावर आणण्याजोगी झाली असं अजिबात नाही. लातूरहून संभाजीनगर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. इंजिन शेवटी बघा, आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि इतक्या वर्षांत व्हील सिलिंडर आतून गंजलेले असणारच, तेव्हा मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरची रबर किट बदला, रबरी होज पाइप बदला, सगळं ऑइल नवीन. टायरवर चार आकडी नंबर असतो, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, त्यावरून वय काढा, नक्षी कितीही छान दिसली तरी जुने टायर घेऊन हायवेला लागू नका. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस मारून घ्या. स्टिअरिंगवरचा गिअर दांडा सैल झाला असेल, दुसरा टाकताना चौथ्यात गेल्यासारखं वाटत असेल, तर गिअरबॉक्स उघडू नका कुणाच्या सांगण्यावरून, बहुतेक वेळा दांड्याच्या जोडणीतले बुश झिजलेले असतात, थोडक्या पैशाचं काम आहे. सुट्या भागांची काळजी करू नका, मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सी होत्या, शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, त्या गाड्यांचं पुष्कळ सामान कुर्ल्याच्या बाजारात गेलंय आणि आपल्यातले काही जण वर्षातून एकदा एकत्र जाऊन पोतं भरून आणतात.

टाकी काढून धुवा, हे टाळू नका. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा खराब करतं आणि टाकीत पाणी धरतं. म्हणून इथेनॉल चालणाऱ्या नळ्या बसवा, मध्ये एक पारदर्शक फिल्टर टाका म्हणजे काय येतंय ते दिसेल, आणि मेळाव्यानंतर टाकीत पेट्रोल ठेवून गाडी महिनोनमहिने उभी करू नका.

मेळावा जानेवारीत घेण्याचं कारणही यातच आहे. आम्ही एकदा एप्रिलमध्ये तुळजापूरला जायचं ठरवलं होतं, दुपारी शहागडला गोदावरीच्या पुलापुढं माझी गाडी खाँ खाँ करून बंद पडली. पेट्रोल आहे, करंट आहे, सेल्फ फिरतोय, तरी चालू होईना. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, ऊन बेचाळीसच्या आसपास, इंजिनच्या उष्णतेनं पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला पातळ पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही, त्यामुळं कार्बोरेटर कोरडा राहतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. आईनं पाण्याच्या कॅनमध्ये टॉवेल बुडवून दिला, तो पंपावर गुंडाळला, दर दोन-तीन मिनिटांनी परत ओला केला, वीस मिनिटांत गाडी चालू झाली. तेव्हापासून पाच लिटर पाणी आणि एक जाड सुती फडकं कायम गाडीत. तुमच्याकडं जानेवारीत ही वेळ बहुधा येणार नाही, पण फडकं ठेवा. सोबत फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, टोचन करायला दोर आणि छोटा फायर एक्स्टिंग्विशर, हा शेवटचा तर पाहिजेच, कारण जुनी नळी आणि गरम इंजिन जवळजवळ आहेत.

रस्ता अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा धरा. मांजरसुंब्यानंतर बीडकडं घाट उतरतो, तिथं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनवरच उतरवा, सारखा ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतात आणि पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही. न्यूट्रल तर चुकूनही करू नका, पेट्रोल वाचवायच्या नादात जुन्या ड्रायव्हर लोकांना ही सवय असते. साठच्या पुढं जायचं कारण नाही. पहाटे अंधारात निघू नका, हेडलाइट आताच्या मानानं फारच मंद आहेत, आणि एका दिवसात दमछाक होत असेल तर आदल्या रात्री बीडला मुक्काम करा.

कागदाचं थोडक्यात. पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, संपलेलं असेल तर ते आधी करून घ्या, इन्शुरन्स आणि पीयूसी पाहिजेच. तुमच्या गाडीला पन्नास वर्षं झालीत त्यामुळं २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं ती विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अट अशी की मग ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आजीला देवाला न्यायचंय, पोरांना घेऊन बाजारात जायचंय असं मनात असेल तर घाई करू नका, साधी नोंदणीच पुढं वाढवा. माझ्या मते गाडी चालत राहिलेली बरी. आणि काही झालं तरी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवू नका, विंटेजला मूळ स्वरूप लागतं आणि एकदा बदललं की परत येत नाही.

आणि हो, घरच्यांना आणा. आमच्याकडं हा नुसता पुरुषांचा कार्यक्रम नाही, आई दरवर्षी येते, ती आणि जालन्याच्या एका डॉक्टरांच्या पत्नी मागच्या सीटवर दारं उघडी टाकून बसतात आणि दुपारपर्यंत त्यांचं बोलणं संपत नाही.

ब्रेकचं काम झालं की मला कळवा. आधी गावातल्या गावात वीस किलोमीटर, मग लातूर ते औसा जाऊन-येऊन, एवढं करून ड्रमला हात लावून बघा, एखादंच चाक जास्त तापलं असेल तर तिथं ब्रेक धरून राहतोय. ते निस्तरल्यावरच निघायचा दिवस ठरवा. गेवराईच्या पुढं मी शहागडच्या पुलाअलीकडं माझी पांढरी गाडी घेऊन थांबतो, जादा फॅनबेल्ट आणि ओलं फडकं माझ्याकडं असेल, तिथून पुढं सोबत जाऊ.