थांबे नावावरून जोडू नका, भाऊ

बसच्या वेळापत्रकाची जीटीएफएस फाईल (थांबे, फेऱ्या आणि वेळा ठरलेल्या साच्यात देणारी) आणि ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरचे थांबे तुम्ही नावावरून जोडले. अर्धे जुळलेच नाहीत, आणि जुळले त्यांतले काही रस्त्याच्या पलीकडे गेले, असं म्हणता. ते होणारच होतं.

आपल्या नागपुरात थांब्याचं नाव म्हणजे बहुधा चौकाचं नाव. पण गाडी काही चौकाच्या मधोमध थांबत नाही. जाणारी एका बाजूला, येणारी समोर, आणि वळणारी असली तर वळण घेतल्यावर तिसरीकडेच. आपण सगळ्यालाच ‘मेडिकल चौक’ म्हणतो. फाईलमध्ये मात्र या प्रत्येक जागेला वेगळी ओळ आणि वेगळा स्टॉप आयडी, म्हणजे थांब्याची ओळखखूण, लागते. नाव एकच राहिलं तरी चालतं. शिवाय सीताबर्डी, सिताबर्डी, नुसतं बर्डी आणि इंग्रजीतलं सीताबुलडी ही एकच जागा आहे, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार?

म्हणून आधी अंतर बघा. फाईलमधल्या थांब्याभोवती पन्नासेक मीटरमध्ये नकाशावर कोणकोणते थांबे आहेत ते काढा; नाव फक्त साक्षीला घ्या. मग बाजू ठरवा. फेरीतला पुढचा थांबा कोणता, यावरून गाडीची दिशा कळते, आणि आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, म्हणजे थांबा दिशेच्या डाव्या हाताला हवा. एवढ्या एका नियमाने माझे बहुतेक उलटे थांबे सरळ झाले. मात्र अक्षांश-रेखांश तीनच दशांश स्थळांपर्यंत दिले असतील तर हा नियमही कामाचा नाही, कारण तिसऱ्या स्थळातला एक आकडा म्हणजे शंभरेक मीटर. पाच स्थळं घ्या. आणि दोन्ही आकड्यांचा क्रम तपासा. मी एकदा उलटा टाकला, तर आपली बर्डी थेट उत्तर ध्रुवाकडे, स्वालबारजवळ जाऊन पोहोचली! नागपूर 21 अक्षांशावर आणि 79 रेखांशावर आहे, एवढं ध्यानात ठेवा.

जोडी पक्की झाली की तो आयडी नकाशावरच्या थांब्याच्या टॅगमध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या माहितीत, लिहिता येतो. पण काही ठिकाणी फाईल नवी निघाली की दर वेळी आयडीही नव्याने तयार होतात. तसं असेल तर जोड्यांचा वेगळा तक्ता तुमच्याकडेच ठेवा. वेळा मात्र नकाशात भरू नका, त्या फाईलमध्येच बऱ्या. फाईलमधले थांबे उचलून नकाशावर टाकायचे असतील तर तिचा परवाना आधी वाचा.

मेट्रोचं वेगळं. सीताबर्डी इंटरचेंजला ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही लाइन भेटतात, तिथे स्टेशनची एक मुख्य नोंद करून फलाट तिच्याखाली लावा. साध्या बसथांब्याला एवढा खटाटोप नको.

आणि रात्रीच्या गाडीची वेळ 25:10 दिसली तर चूक समजून खोडू नका. आदल्या दिवशी सुरू झालेल्या फेरीची ती रात्री 1:10 ची वेळ असते.