‘एका’ या शब्दापाशी थांब

सातारा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध काल दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’बद्दल लिहिताना तू तीन वेळा ‘लेखकाने प्रभावीपणे मांडले आहे’ म्हणतोस आणि प्रभाव कशाने पडला ते एकदाही सांगत नाहीस. विश्लेषण म्हणजे नेमकं तेच सांगणं.

पुस्तक १८८३ सालचं. जोतीरावांचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण. पुस्तकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या त्या ओळी आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतात, आणि पाठ असतात म्हणूनच कुणी त्यांच्याकडे नीट बघत नाही. आता सावकाश वाच: विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.

आधी कान काय ऐकतो ते बघ. ‘विना’, ‘गेली’, ‘विना’, ‘गेली’. एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीची सुरुवात होतो, त्यामुळे आपण मान डोलावत खाली उतरतो. मग क्रियापद बदलतं. इथवर गुण आणि पैसा ‘जात’ होते. आता माणूस येतो, आणि तो ‘खचतो’. ही निवड लिहिणाऱ्याने जाणून केली आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता प्रत्येक सांध्यावर पेन्सिलने ‘कसं?’ असं लिही. सगळ्यात जड शब्द ‘एका’. अनर्थ पाच, कारण एकच! एवढा मोठा दावा नुसत्या लयीवर उभा राहत नाही. उलटंही म्हणता येईल ना? घरात वित्त नाही म्हणून पोरगं शाळेऐवजी गुरांमागे जातं, म्हणजे अविद्या हाच परिणाम. ही शंका मनात धरून पुढची प्रकरणं वाच. पहिल्यात जन्मापासून मरणापर्यंत धर्मविधींच्या नावाने शेतकऱ्याकडून पैसा कसा निघतो ते येतं. दुसऱ्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या हातून तो कसा नागवला जातो ते. वरवर पाहता दोन्ही ठिकाणी लुटणारे वेगळे. पण पोथीत काय आहे आणि कागदावर काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नाही, म्हणून दोघांचंही फावतं. ‘एका’ला आधार मिळतो तो इथे. तुझ्या निबंधात मला हा सांधा हवा होता.

तरी शंका पूर्ण मिटत नाही, आणि तेही लिहायला घाबरू नकोस. शेवटच्या प्रकरणात जोतीराव बंधारे, तलाव, चांगल्या जातीची जनावरं असले उपाय सुचवतात. म्हणजे नुसत्या शाळेने भागणार नाही, हे त्यांनाही दिसत होतं. आणि आदल्याच वर्षी, १८८२ साली, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाकडे याच माणसाने बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून एक परिच्छेद लिही. तो अवघड जाईल.

तिन्ही ‘प्रभावीपणे’ आधी खोड. रविवारी सकाळी ये, मी घरीच आहे. येताना तुझं पुस्तक आण. माझ्या प्रतीची शेवटची पानं सुटी झाली आहेत.

तुझे,
सर