अपडाऊन करायचं की किरायानं खोली घ्यायची?

प्रश्न: माझ्या मिस्टरांना बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी लागली, तीन शिफ्टची. आमचं गाव सिंदी रेल्वेकडलं, कंपनी एका बाजूनं ३० किलोमीटर पडते. ते म्हणतात गाडीनं अपडाऊन करतो, किराया वाचते. बुटीबोरीत एक खोली ४ हजारानं सांगून राहिले, नागपुरात वर्धा रोडकडे ८ हजाराच्या खाली काही भेटत नाही. घरी सासूबाई, थोडं वावर, मुलगा अंगणवाडीत. काय करावं?
(एक वाचक, जि. वर्धा)

उत्तर: ताई, किराया वाचते पण तो पेट्रोलात जाते ना. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १५६० किलोमीटर झाले, गाडीनं ५० चं ॲव्हरेज दिलं तरी ३१ लिटर, १०५ चा भाव धरला तर सव्वातीन हजार तिथंच गेले, ऑइल-टायर वेगळं. खोली घेतली तर डबा न् लाईटबिल येईल, तेही मांडा.

रेल्वेचा पास खूप स्वस्त पडते, तीन महिन्यांचा काढला तर २.७ महिन्यांचेच पैसे लागतात, सिंदी न् बुटीबोरी एकाच लाइनवर आहेत. पण तो रिझर्व्हेशनच्या डब्यात चालत नाही, सुपरफास्टला जास्तीचे पैसे लागतात, न् सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री गाडी आहे का हे आधी पाहा.

मला खरी काळजी नाईटची वाटते. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस सकाळी डोळ्यावर झोप घेऊन हायवेनं ट्रकांच्या मधातून ३० किलोमीटर येणार, न् मे महिन्यात ४५ डिग्रीत भर दुपारी सेकंड शिफ्टला निघणार, हे चार पैशांसाठी करू देऊ नका हो. कंपनीची बस तुमच्याकडे येत असंल तर गोष्ट वेगळी, ते पहिले विचारा.

नागपूर डोक्यातून काढा. दुप्पट किराया भरून तिथूनही रोज २०-२५ किलोमीटर जायचंच आहे.

माझं मत असं की नोकरी पक्की होईपर्यंत सगळं बिऱ्हाड हलवू नका. मिस्टरांनी बुटीबोरीत नाहीतर टाकळघाटकडे कंपनीतल्याच कोणासोबत अर्धी-अर्धी खोली घ्यावी, सुट्टीला घरी यावं. तुम्हाला जायचं असंल तर एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे. खोली घेताना करारनामा रजिस्टर करून मागा, १९९९ च्या भाडे कायद्यानं ती जबाबदारी घरमालकाची आहे, ॲडव्हान्सची पावती घ्या, लाईटचं मीटर वेगळं आहे का न् उन्हाळ्यात पाणी किती दिवसाआड येते हे मालकाला नाही, शेजारच्या बाईला विचारा.

मुलगा पहिलीत जायच्या आधी मात्र सगळ्यांनी बसून ठरवा, तोवर नोकरी टिकली तर दोन खोल्यांचं घर पाहा, न् सासूबाई यायला तयार असतील तर वावर गावातल्याच कोणाला ठेक्यानं देता येते का तेही विचारून ठेवा.