विज्ञानकथेच्या स्पिन-ऑफ मालिकेतला कोणता क्रॉसओव्हर भाग खरोखर पाहण्याजोगा आहे?

आपण विचारले आहे की, मूळ मालिकेतून निघालेल्या स्पिन-ऑफ मालिकांमधले क्रॉसओव्हर भाग, म्हणजे एका मालिकेतली पात्रे दुसरीत आणणारे भाग, बहुतेक वेळा प्रेक्षक गोळा करण्याची युक्ती वाटतात. तर विज्ञानकथांच्या मालिकांत या आक्षेपाला पुरून उरेल असा एखादा भाग आहे का, आणि मूळ मालिका न पाहता तो कळेल का. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाईन' या, मूळ 'स्टार ट्रेक'मधून निघालेल्या मालिकेचा 'ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स' हा नोव्हेंबर 1996 मध्ये प्रसारित झालेला भाग, हे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'कळेल, पण निम्माच' असे असून त्याकडे मी शेवटी येतो. कथानक थोडेबहुत उघड केल्याशिवाय यातले काहीच सांगता येणार नाही, हे आधीच नमूद करतो.

आपला आक्षेप रास्त आहे. आपल्याकडच्या वाहिन्यांवर ज्याला 'महासंगम' म्हणतात तो प्रकार आठवून पाहा : दोन मालिकांची कुटुंबे एखाद्या लग्नात किंवा मंगळागौरीत एकत्र येतात, एकमेकांच्या नायिकांचे कौतुक करतात आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही घरांत त्या भेटीची कोणाला आठवणही उरत नाही. परदेशी विज्ञानकथा मालिकांतही बहुधा हेच घडते, फक्त मांडवाऐवजी अंतराळयान असते. जुन्या मालिकेतला लाडका माणूस नव्या मालिकेत पाहुणा म्हणून येतो, नव्या मंडळींना आशीर्वाद देतो आणि निघून जातो. स्टार ट्रेकने स्वतः हे अनेकदा केले आहे. 1987 साली 'द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली तेव्हा पहिल्याच भागात मूळ मालिकेतले वृद्ध डॉक्टर मॅकॉय येऊन गेले, 1991 मध्ये स्पॉक आला, 1992 मध्ये स्कॉटी. त्यांपैकी स्कॉटीचा भाग मला मनापासून आवडतो. तरीही मोठ्या माणसाने धाकट्यांच्या घरी येणे हीच त्यामागची रीत आहे.

'ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स'ने ही दिशा उलटवली. येथे मुलगीच माहेरी जाते, आणि तेही घरच्यांना पत्ता लागू न देता. 1966 साली सुरू झालेल्या मूळ मालिकेला तीस वर्षे पूर्ण होत होती, त्या निमित्ताने 'डीप स्पेस नाईन'च्या लेखकांनी आपल्या पात्रांना थेट 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' या 29 डिसेंबर 1967 रोजी दाखवल्या गेलेल्या भागाच्या आत नेऊन सोडले. या नव्या भागाची पटकथा रोनाल्ड मूर आणि रेने एचेव्हारिया यांची आहे.

जुन्या भागाची गोष्ट थोडक्यात अशी. के-7 नावाच्या अवकाशस्थानकावर एका ग्रहासाठी राखून ठेवलेले धान्य आहे, त्यावर क्लिंगॉन या लढाऊ परग्रहवासीयांच्या साम्राज्याचा डोळा आहे, आणि त्याच सुमारास एका फिरत्या व्यापाऱ्याने आणलेले ट्रिबल नावाचे गोल, केसाळ, घुमणारे जीव स्थानकभर आणि एंटरप्राइझ यानभर पसरतात. ट्रिबल खातात आणि पिल्ले घालतात, दुसरे काही करत नाहीत. धान्याच्या कोठाराचे वरचे दार यानाचा कॅप्टन कर्क उघडतो आणि त्याच्या अंगावर ट्रिबलांचा लोंढा कोसळतो. एका ट्रिबलपासून सुरुवात, दर बारा तासांनी सरासरी दहा पिल्ले आणि तीन दिवसांचा काळ, एवढ्या माहितीवर स्पॉक तेथल्या तेथे 17,71,561 हा आकडा सांगतो. हा आकडा अकराचा सहावा घात आहे. कागदावर करून पाहिल्यास बरोबर येतो. मेलेल्या ट्रिबलांमुळे धान्यात विष असल्याचे कळते आणि ट्रिबल ज्याच्यावर किंचाळतात तो आर्न डार्विन नावाचा अधिकारी माणसाचे रूप घेतलेला क्लिंगॉन हेर ठरतो.

नव्या भागात हाच डार्विन म्हातारा होऊन परततो. त्याची भूमिका एकोणतीस वर्षांनंतर त्याच नटाने, चार्ली ब्रिल यांनी, केली आहे. फजिती झाल्यापासून स्वकीयांत थारा नसलेला हा माणूस एका दिव्य गोलकाच्या साहाय्याने 'डीप स्पेस नाईन'च्या कॅप्टन सिस्कोचे 'डिफायंट' हे यान 105 वर्षे मागे नेतो, कारण ट्रिबलमध्ये बाँब लपवून त्याला कर्कचा काटा काढायचा आहे. तो बाँब शोधण्यासाठी सिस्को आणि त्याचे सहकारी जुन्या काळचे गणवेश चढवून कर्कच्या यानावर आणि स्थानकावर मिसळतात. खरे सांगायचे तर हा कट कच्चा आहे. कर्क मरणार नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि लेखकांनाही त्या धोक्याची फारशी फिकीर दिसत नाही. ज्याला थरार हवा आहे त्याने दुसरा भाग शोधावा.

या भागाचे मोल दुसरीकडे आहे. आलेली मंडळी जुन्या गोष्टीतली एक काडीही हलवत नाहीत. ती कायम कडेला, मागच्या रांगेत, दाराआड राहतात. आणि तरीही जुन्या भागातल्या एका विचित्र गोष्टीचे कारण बनून जातात. 1967 च्या चित्रणात लोंढा ओसरल्यावरही कर्कच्या डोक्यावर मधूनमधून एकेक ट्रिबल पडत राहतो. प्रत्यक्षात चित्रणाच्या वेळी चौकटीबाहेर उभे असलेले लोक ते टाकत होते. नव्या भागात आपल्याला दिसते की वर कोठारात सिस्को आणि त्याची सहकारी डॅक्स कमरेइतक्या ढिगाऱ्यात उभे राहून बाँबचा ट्रिबल शोधत आहेत, आणि तपासून झालेला प्रत्येक ट्रिबल बेफिकीरपणे खाली भिरकावत आहेत. खाली कर्क वैतागलेला आहे, कोण टाकते आहे याची त्याला कल्पना नाही. हा विनोद जुन्या भागाला धक्का न लावता त्याच्या फटीत बसवला आहे; त्यानंतर मूळ भाग पुन्हा पाहिला तर त्या दृश्यात वर कोणीतरी आहे असे वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरे उदाहरण रांगेचे. उपाहारगृहात क्लिंगॉनांशी झालेल्या हाणामारीनंतर कर्क आपल्या माणसांना ओळीने उभे करून भांडण कोणी सुरू केले ते विचारतो. नव्या भागात त्या ओळीत सिस्कोचे सहकारी चीफ ओब्रायन आणि डॉक्टर बशीर उभे आहेत आणि मूळ चित्रणात दुसऱ्या कोणी दिलेले 'मला माहीत नाही, सर' हे उत्तर आता ओब्रायन देतो. बाहेर आल्यावर त्याला कसले अप्रूप वाटते, तर आपण प्रत्यक्ष कॅप्टन कर्कशी खोटे बोललो याचे! लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक पाहिलेल्या माझ्यासारख्याला त्या चेहऱ्यावरचा अपराधी आनंद चटकन ओळखू येतो.

हे सारे 1996 मधल्या तंत्राने कसे जमवले, हा भागही तितकाच रंजक आहे. नव्या नटांचे चित्रण निळ्या पडद्यासमोर करून ते संगणकाच्या साहाय्याने जुन्या चौकटीत बसवायचे, हे तत्त्व सोपे. पण जुन्या दृश्यात कॅमेरा सरकत असेल तर नवा कॅमेराही तसाच सरकला पाहिजे, सावली त्याच बाजूला पडली पाहिजे आणि चित्राचा पोतही जुळला पाहिजे. भागाचे दिग्दर्शक जोनाथन वेस्ट हे त्या मालिकेचे छायालेखकही होते, याचा येथे मोठा उपयोग झाला. साठच्या दशकातली भडक, रंगीत प्रकाशयोजना त्यांनी नव्या दृश्यांतही ठेवली. हर्मन झिमरमन यांच्या कलाविभागाने एंटरप्राइझचे मार्ग आणि दालने नव्याने उभी केली. ग्रेग जीन यांनी यानाची नवी प्रतिकृती बांधली. ती मूळ अकरा फुटी प्रतिकृतीच्या निम्म्या आकाराची होती. मूळ प्रतिकृती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मूळ भागाचे लेखक डेव्हिड गेरॉल्ड यांनाही गणवेश घालून यानाच्या मार्गिकेत उभे केले आहे. नजर ठेवल्यास ते दिसतात.

या कसबाचा कळस शेवटच्या प्रसंगात आहे. काम आटोपल्यावर सिस्कोला राहवत नाही आणि तो कागदपत्रावर सही घेण्याच्या निमित्ताने कर्कसमोर जाऊन उभा राहतो, आपल्या हाताखाली काम करणे हा सन्मान होता एवढेच म्हणतो आणि परततो. गंमत अशी की कर्कचे हे चित्रण ट्रिबलांच्या भागातले नाहीच. 1967 च्याच 'मिरर, मिरर' या भागाच्या अखेरीस कर्कसमोर एक स्त्री अधिकारी येते, तिच्या जागी सिस्कोला बसवले आहे. सिस्को ही सारी हकीकत ज्यांना सांगत असतो ते, काळाच्या नियमभंगाची चौकशी करणारे दोन रुक्ष अधिकारी हे ऐकून घेतात आणि त्यांपैकी एक चक्क म्हणतो की, त्या जागी असतो तर मीही हेच केले असते.

क्लिंगॉनांच्या कपाळाचा प्रश्नही येथेच ऐरणीवर आला. साठच्या दशकात पैशांअभावी क्लिंगॉन साध्या रंगभूषेत दाखवले गेले. 1979 च्या चित्रपटापासून त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या आल्या. इतकी वर्षे सर्वांनी हा फरक सोयीस्करपणे दुर्लक्षिला होता. आता मात्र सिस्कोचा क्लिंगॉन सहकारी, वळ्यांचा वर्फ आणि सपाट कपाळाचे क्लिंगॉन एकाच उपाहारगृहात आहेत. सहकारी त्याच्याकडे पाहतात, जनुकांत फेरफार झाला की विषाणूने बदल घडवला असे तर्क करतात आणि वर्फ ताठ मानेने सांगतो की, याविषयी आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. मला हे उत्तर पुरेसे होते. पुढे 2005 मध्ये 'एंटरप्राइझ' या मालिकेने दोन भाग खर्चून त्याचा खुलासा केला, त्यात जनुकेही होती आणि विषाणूही. परंतु एका वाक्यातल्या विनोदाला दीड तासाची पुरवणी जोडून नेमके काय साधले, हे मला अजून पटलेले नाही.

सन्मानांचे म्हणाल तर हा भाग विज्ञानकथांसाठीच्या 1997 च्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होता; पुरस्कार मात्र 'बॅबिलॉन 5' या दुसऱ्या विज्ञानकथा मालिकेच्या एका भागाला मिळाला. त्याच तिसाव्या वर्षानिमित्त 'व्हॉयेजर' या भावंड-मालिकेनेही मूळ मालिकेतल्या सुलूला, आता कॅप्टन झालेल्या, घेऊन 'फ्लॅशबॅक' हा भाग केला होता. तो वाईट नाही, पण त्यात आठवणींचा आदर आहे आणि खोडकरपणा नाही. 2023 मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये 'लोअर डेक्स' या ॲनिमेशन मालिकेतली पात्रे सदेह अवतरली, तो भाग मात्र याच घराण्यातला आहे.

आता आपला दुसरा प्रश्न. 1967 चा भाग आधी पाहा. तो सुमारे पन्नास मिनिटांचा आहे आणि त्यासाठी पूर्वतयारी लागत नाही. 'डीप स्पेस नाईन'विषयी एवढे माहीत असले तरी चालेल की, डॅक्सच्या शरीरात अनेक जन्म जगलेला एक सहजीवी आहे, त्यामुळे ती या जुन्या काळात आधीच एकदा राहून गेली आहे. शक्य असेल तर या दोहोंच्या मध्ये 1994 चा 'ब्लड ओथ' हा भागही पाहा. कोलोथ नावाचा जो क्लिंगॉन कप्तान के-7 स्थानकावर सपाट कपाळाने कर्कशी गोड बोलतो, तोच तेथे त्याच नटाच्या, विल्यम कॅम्पबेल यांच्या, रूपाने वृद्ध होऊन कपाळावर वळ्या घेऊन येतो आणि डॅक्सच्या डोळ्यांदेखत लढताना मरतो. मग ट्रिबलांच्या धामधुमीत कोलोथ जवळच आहे हे कळल्यावर त्याला एकदा भेटून यावे असा मोह डॅक्सला का होतो, हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.