एकदा चौकशी केली की कॉलेजकडून इतके फोन का येतात?

तुम्ही विचारलंय, कॉलेजच्या वेबसाइटवर नुसतं नाव आणि नंबर भरला तर रोज फोन, मेसेज सुरू झाले; यातलं खरं किती धरायचं? मी काही वर्षं एका कॉलेजच्या प्रवेश विभागात हेच फोन करत होते, म्हणून लिहिते.

तुमचा फॉर्म तिकडे ‘लीड’ म्हणून, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक म्हणून, स्क्रीनवर येतो. पहिला फोन लगेच येतो, कारण तुम्ही त्याच दिवशी आणखी तीन-चार ठिकाणी चौकशी केली असणार, हे त्यांना माहीत असतं. फोन ठेवला की शेरा लिहायचा: ‘मुलीला डिझाइन हवंय, वडिलांना पटत नाही, गुरुवारी वडिलांशी बोलणे.’ गुरुवारी दुसराच कुणी फोन करतो आणि तुमच्या घरातलं त्याला सगळं ठाऊक असतं, ते या शेऱ्यामुळे. मुलांची काळजी मला मनापासून वाटायची. पण डोक्यावर टार्गेटही असायचं, आणि ‘दोनच सीट उरल्यात’ हे वाक्य आम्हाला लिहूनच दिलेलं होतं. जागा किती उरल्या हे मला माहीतही नसायचं. ते वाक्य ऐकून घाईने पैसे भरू नका.

फोनवर जे सांगतील ते ईमेलवर मागा. स्कॉलरशिप पुढच्या वर्षी टिकायला किती गुण लागतात? प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत? तुमच्या शाखेतल्या किती जणांपैकी किती जणांना नोकरी लागली? सरासरी पगार सांगितला तर मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा. एका मोठ्या पॅकेजनेही सरासरी फुगते.

फी भरल्यावर बरीच कॉलेजं एकदम गप्प होतात, याचा मला फार राग येतो. खरी गरज तेव्हाच असते. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये ‘पाउन्स’ नावाचा चॅटबॉट आणला. कुठला कागद राहिलाय, मुदत कधी संपते, हे तो ज्याला त्याला मेसेजवर सांगायचा. प्रवेश ठरवूनही वर्ग सुरू होण्याआधीच्या सुट्टीत गळणाऱ्या मुलांचं प्रमाण त्याने सुमारे २० टक्क्यांनी घटलं. म्हणून शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, फी भरल्यावर यांचं ऑफिस उत्तर देतं का?

फोन थांबवायचे असतील तर कट करू नका. न उचललेला नंबर ‘पुन्हा करा’ यादीत जातो. ‘मला तुमच्याकडे प्रवेश नको’ असं स्पष्ट सांगा. आमच्याकडे तसा शेरा पडला की नाव यादीतून निघायचं.