डांबर काढा, खडी राहू द्या

प्रश्न : बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत ४० फूट लांब आणि १० फूट रुंद डांबरी रस्ता आहे. आता खड्डे पडलेत, कडा सुटल्यात. तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. ठेकेदार म्हणतो, मे महिन्यात जेसीबी लावून एका दिवसात सगळं साफ करून देतो. करावं का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मे नको आणि शक्यतो जेसीबीही नको. उन्हात डांबर मऊ पडतं. ब्रेकरची छिन्नी आत रुतते आणि तुकडा पडण्याऐवजी थर नुसता वाकतो. डिसेंबर-जानेवारीत, नाशिकच्या थंडीत, सकाळी दहाच्या आत तोच थर ठिसूळ असतो. शिवाय मेमध्ये उघडी पडलेली जमीन जूनच्या पावसात सापडली, तर खालची काळी माती फुगून चिखल होतो.

जेसीबीचं वजन साडेसात टनांच्या आसपास. पोर्चजवळ जमिनीखालची पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक असेल, तर त्याचा स्लॅब हे वजन पेलेलच असं नाही. दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. बकेटचे दात डांबराबरोबर खालची खडीही उपसतात. वीस-वीस वर्षं गाडीच्या चाकांनी दाबून बसवलेली ती खडी हाच तुमचा पाया. ती एकदा सैल झाली की रोलर फिरवूनसुद्धा तशी बसायला वेळ लागतो, आणि पुढे नेमके चाकांच्या पट्ट्यातले ब्लॉक खचतात.

आधी नळाची लाइन, विजेची केबल, पाइपचा गॅस कुठून गेलाय ते चुन्याने आखून घ्या. फाटकाशी, सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीवर, कटर मशीनने सरळ काप द्या, नाहीतर बाहेरचा रस्ताही उचकटतो. मग सुटलेल्या कडेपासून सुरुवात करा. पहार थराखाली सरकवून तो दोन-तीन इंच उचलायचा आणि वरून घण घालायचा. खाली पोकळी असली की एका घावात तुकडा पडतो. जमिनीला टेकलेल्या थरावर दहा घावही वाया जातात. इलेक्ट्रिक ब्रेकर असेल तर रुंद पात्याची छिन्नी लावा. टोकदार छिन्नी नुसती भोकं पाडते.

थर २ इंचांचा धरला तर माल सुमारे ६७ घनफूट, वजन सव्वाचार टन. फोडल्यावर तो फुगून जवळजवळ एक ब्रास (१०० घनफूट) होतो, गाडी त्या हिशेबाने सांगा.

खडी जिथे पायाखाली दबते तेवढीच काढून मुरूम भरा. ४ इंचांचा थर, पाणी, धुम्मसाने ठोकून दाबणं, मग पुढचा थर. एक गोष्ट हमखास विसरली जाते. ६० मिलिमीटरचा ब्लॉक आणि खाली ३० मिलिमीटर कच (दगडाची बारीक भुकटी), मिळून ९० होतात, आणि तुम्ही काढलेत २ इंच, म्हणजे ५०. म्हणजे पातळी दीड इंच वर येणार. फाटकाखालची फट आजच मोजा. पाणी वाहून जायला उतार आडवा दिलात तर १० फुटांत अडीच इंच पुरतात.

प्रश्न : निघालेले डांबराचे तुकडे खड्ड्यात पुरले किंवा जाळले तर?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : जाळू अजिबात नका, तो धूर विषारी असतो. झाडांच्या आळ्यात, विहिरीजवळ किंवा नाल्यातही टाकू नका. दीड इंचाखालचे तुकडे करून मागच्या पार्किंगवर पसरा आणि भर उन्हात रोलर फिरवा. इथे मात्र मे महिनाच उपयोगी, कारण मऊ झालेलं डांबर तुकडे एकमेकांना धरून ठेवतं. उरलेला माल रस्त्याचं डांबर-खडी मिश्रण बनवणाऱ्या हॉटमिक्स प्लांटवाल्याला विचारा, नाहीतर महापालिकेने बांधकामाच्या राडारोड्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच पाठवा.