सॉफ्टवेअर घेण्याआधी मालाची नावं एक करा

प्रश्न : ताई, सांगलीत आमचं हार्डवेअर आणि प्लंबिंग सामानाचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, वडील अजून गल्ल्यावर बसतात. उलाढाल सव्वा कोटीच्या आसपास. बिलं कॉम्प्युटरवर होतात, पण उधारी वहीत आणि स्टॉक दिवाणजींच्या डोक्यात. एक विक्रेता बिलिंग, गोदाम, उधारी सगळं एकत्र दाखवणारं सॉफ्टवेअर दीड लाखात देतो म्हणतोय. ‘ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालंय, आता थांबून चालणार नाही,’ असा त्याचा धोशा आहे. वडील म्हणतात, वहीला लाइट लागत नाही. काय करू?

उत्तर : आधी ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यायच्या बिलाचा, बागुलबुवा बाजूला ठेवू. १ ऑगस्ट २०२३ पासून ते ५ कोटींवरच्या उलाढालीला लागू आहे. त्यातही किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलाला नाही. सव्वा कोटीवाल्याला हे सांगून घाबरवणाऱ्याकडून मी तर कुकरची शिट्टीसुद्धा घेणार नाही.

सॉफ्टवेअर मात्र घ्या. निवांत, आणि दुसऱ्याकडून.

मी बँकेच्या कर्ज विभागात होते. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं फिरतं कर्ज, घेतलेले दुकानदार दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट आणून द्यायचे. शिल्लक मालातून पुरवठादारांचं देणं वजा करायचं, मार्जिन, म्हणजे मालकानं स्वतः घालायचा वाटा, काढायचं, मग किती रक्कम उचलता येईल ते ठरायचं. आणि तो शिल्लक मालाचा आकडा? बहुतेकांचा अंदाजपंचे. मागच्या महिन्याचा कागद समोर ठेवून दोन-तीन रकमा इकडेतिकडे केलेल्या असायच्या. ज्यांच्याकडे झकास कॉम्प्युटर होते त्यांचीही तीच गत.

याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नसतं, मालाच्या यादीत असतं. तुमच्याकडचा अर्धा इंची सीपीव्हीसी एल्बो, म्हणजे प्लास्टिक पाइप वळवायचा जोड, घ्या. बिलं करणारा मुलगा ‘एल्बो अर्धा’ लिहितो, तुम्ही ‘सीपी एल्बो’, वडील ‘कोपरा’. कॉम्प्युटरच्या लेखी ही तीन वेगळी सामानं झाली. एकात शिल्लक उणे चाळीस, दुसऱ्यात अधिक साठ. मापांचा घोळ त्याहून मोठा. वायरचं ९० मीटरचं बंडल ‘१ नग’ म्हणून खरेदीत चढवलं आणि मीटरनं विकलं, तर पहिल्याच गिऱ्हाइकाला शिल्लक उणे होते. खिळे किलोनं येतात, पावशेरानं जातात. पाइप लांबीनं येतो, फुटानं कापला जातो.

म्हणून पहिलं काम बिनखर्चाचं. दिवाणजींना शेजारी बसवा आणि एकेका सामानाला एकच नाव, एकच कंपनी, एकच माप ठरवून यादी करा. हे त्यांच्याशिवाय होणार नाही. कुठला माल कुठल्या फळीवर धूळ खातोय हे त्यांनाच ठाऊक आहे. सॉफ्टवेअर आलं की आपली गरज संपली असं त्यांना वाटलं, तर ते तोंडावर काही बोलणार नाहीत. यादी मात्र कधीच पुरी होणार नाही. तेव्हा यादीचं मालकपण त्यांनाच द्या. नवं नाव चढवायचं तर दिवाणजींना विचारूनच.

दुसरं, परत येणारा माल. प्लंबर दहा एल्बो नेतो, चार परत आणतो. ते चार पेटीत जातात, कॉम्प्युटरात जात नाहीत. तुमच्या धंद्यात स्टॉक बिघडतो तो मुख्यतः इथं, चोरीमुळे नव्हे. परत आलेला माल फळीवर ठेवण्याआधी नोंद झालीच पाहिजे. मोजदादही एकदम सगळ्या दुकानाची काढू नका. या आठवड्यात नळ, पुढच्या आठवड्यात फिटिंग.

विक्रेत्याला डेमो तुमच्याच मालावर द्यायला लावा. त्याच्या नमुन्यातले साबण-बिस्किटं नकोत. दोन गोष्टी लेखी घ्या : दरवर्षीचा खर्च किती, आणि उद्या सोडायचं ठरवलं तर सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळणार का. दुसऱ्या गोष्टीला तो आढेवेढे घेऊ लागला तर उठा. सॉफ्टवेअर खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांच्या जीएसटी उताऱ्याशी, ताडून दाखवतं का, हेही बघा. जीएसटीचं रिटर्न दर महिन्याला भरत असाल, तर १४ तारखेला ते पोर्टलवर येतं. पुरवठादारानं तुमचं बिल चढवलंच नसेल, तर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं. ते तेव्हाच कळलं, तर पुढचं पेमेंट देताना त्याला धरता येतं.

आता वडिलांच्या वहीबद्दल. लाइट लागत नाही हे खरं, पण तुम्ही सांगलीत राहता. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या वह्या भिजल्या, तसे कॉम्प्युटरही भिजले. विम्याचा सर्व्हेअर चिखलातल्या दुकानात उभा राहून विचारतो तो एकच प्रश्न : माल किती होता, ते दाखवा. तेव्हा रोजचा बॅकअप दुकानाबाहेर गेला पाहिजे, क्लाउडवर किंवा निदान उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवलेल्या हार्ड डिस्कवर. आयर्विन पुलाजवळ पाणी चढल्यावर त्याची आठवण येऊन उपयोग नाही. उधारीची वही वडिलांना हवी तर लिहू द्या. रात्री त्यातली नोंद कॉम्प्युटरात चढवायची जबाबदारी मात्र तुमची.

प्रश्न : माझं औषधांचं दुकान आहे. क्यूआर कोडवर आलेले पैसे आणि रात्रीचा हिशोब जुळत नाही.

उत्तर : गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण पाहून औषध देत असाल, तर ते बंद करा. खोटे स्क्रीनशॉट सर्रास दाखवले जातात. आपल्या खात्यात रक्कम आल्याचा संदेश किंवा साउंडबॉक्सचा आवाज, एवढंच ग्राह्य. काउंटरवरच्या मुलाचा वैयक्तिक क्यूआर कुठं चिकटवलेला नाही ना, तेही बघा. बिलावर रोख की यूपीआय हे त्याच वेळी टाका, आणि वाद झालाच तर व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक मागून बँकेच्या उताऱ्यात शोधा.